जानेवारीची पटसंख्या

क्रोधाची गणना षड्रिपूंत होते. परंतु कोरेगावच्या सुभेदार नानासो बर्गे यांची कन्या शिवांजली हिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी जो क्रोध आला, त्यास शत्रू म्हणावयास मन धजत नाही.

शिवांजली ही आंतरराष्ट्रीय शिक्षण-धोरणाची तज्ज्ञ. बावीस वर्षे तिने देशोदेशींच्या मंत्रालयांना सल्ला दिला. ओस पडलेल्या शाळा ओळखण्याचा तिचा निकष सात देशांनी स्वीकारला होता : जानेवारीत हजेरी मोजावी, मुले वीसहून कमी भरल्यास शाळा शेजारच्या गावात विलीन करावी. जानेवारीत पाऊस नसतो, दीर्घ सुट्ट्या नसतात. आकडा निर्मळ मिळतो, हा तिचा युक्तिवाद.

गतवर्षी सांगलीत बसलेल्या एका समितीने याच निकषावर आटपाडीच्या माळावरील मेंढपाळ वस्तीची शाळा बंद करण्याचे योजिले आणि शिफारशीवर तिची सही मागितली. सहीपूर्वी शाळा पाहावी म्हणून ती जुलैत तेथे गेली. कागदावर सात मुले होती, खोलीत एकतीस.

वस्तीवरची म्हातारी हरणाबाई नातीला न्यायला आली होती. जानेवारीचे नाव काढताच ती हसली.

"आवं बाई, तवा वस्तीवर कोण असतंय? दिवाळी झाली की आमी कोरेगावाकडं. लोकांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतो. तुमचा सायेब काय आमच्या चुली मोजून गेला?"

"आणि ही शाळा मिटली तर?"

"दुसरी नऊ किलोमीटरवर हाय. एवढीशी पोरगी धाडू व्हय? मेंढरामागंच जाईल की." मग म्हातारीने टोला हाणला, "आमी मेंढरं सांजच्याला वाघरीच्या जाळीत आल्यावर मोजतो. चरायला गेल्याली मोजणारा लय शाणा म्हणायचा!"

शिवांजलीला कोरेगावचे आपले शेत आठवले. खतासाठी दर हिवाळ्यात बर्ग्यांच्याच रानात मेंढरे बसत. त्यांच्यासंगे आलेली मुले बांधावर खेळत. तिच्या आईने त्यांच्या हातावर भाकरी ठेवलेली तिने शेकडो वेळा पाहिली होती. त्यांची शाळा कोणती, हे तिने एकदाही विचारले नव्हते. परक्याचे अज्ञान क्षम्य ठरले असते; हे तर आपल्याच बांधावरचे होते.

सांगलीच्या बैठकीत तिने सही नाकारली.

"मॅडम, निकष तुमचाच," अध्यक्ष म्हणाले. "सात देशांत चालतो, आटपाडीत का नको?"

"तिथे चालला हे तुम्हाला कोणी सांगितलं? मीच सांगितलं ना? मोजणीच्या दिवशी कोण गावाबाहेर होतं, हे मी एकाही देशात विचारलं नाही!" तिचा आवाज चढला. "बंद करायच्या तुमच्या यादीत आणखी चाळीस शाळा आहेत. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. नाहीतर निकष चुकला, असं मी माझ्या नावानं छापीन."

अध्यक्षांनी चहा मागवला. तिने तो घेतला नाही. फेरमोजणीचा ठराव लिहून सह्या होईपर्यंत ती उभीच राहिली. मग तिथल्याच टेबलाशी बसून तिने सातांपैकी पहिल्या मंत्रालयाला पत्र लिहावयास घेतले. रागाच्या भरात पेनाचे टोक कागदात रुतले. पहिला कागद तिला फाडावा लागला.