सासऱ्यांच्या डोक्यावरचा माळा

माझ्या सासऱ्यांचा एक नियम आहे. ते घरात पडलेले असताना बाईमाणसानं त्यांच्या डोक्यावर पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे गच्चीवर जायचं नाही, माळ्यावर चढायचं नाही. तासगावजवळच्या आमच्या घरात कुरडयासुद्धा ते पारावर गेल्याशिवाय गच्चीत वाळत पडत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे ऐकवलं गेलं, आणि तेव्हापासून या माणसाचं आणि माझं जमलेलं नाही.

फौजेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांची खोली स्लॅबची, शिवाय खिडकीत कूलर. आमची मागची, पत्र्याची. पत्र्याखाली माळा, माळ्याची जमीन म्हणजे आमच्या खोलीची लाकडी तक्तपोशी, आणि तिच्याखाली नवरा, मी आणि आमची तान्ही पोर. त्या उन्हाळ्यात तिच्या पाठीवर घामोळ्यांनी जागा ठेवली नाही. ती दूध तोंडात धरीना. डॉक्टर म्हणाले, हिला गार जागेत ठेवा, नाहीतर सलाइन लावावं लागेल. मी घरी येऊन कूलर मागितला.

"फौजेत आमी वाळवंटात तंबूत उन्हाळं काडल्यात," सासरे म्हणाले. "कोन मेलं न्हाई."

पण माझा बोल लागला असावा. दोन दिवसांनी मी पोरीला घेऊन दवाखान्यात गेले होते, तेवढ्यात त्यांनी गड्याकडून आमचा माळा उसाच्या पाचटानं गच्च भरून घेतला.

"गोठ्यात म्हशी कशा गार ऱ्हात्यात बग," ते म्हणाले. "त्येच केलंय."

गोठ्यावर पाचट असतं पत्र्याच्या वर, उघड्यावर. इथं त्यांनी ते पत्र्याच्या आत कोंबलं होतं, पंख्याच्या जुन्या वायरीवर. लग्नाआधी मी कुपवाडला एका कारखान्यात होते. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत उष्णता अडवणारा थर आम्ही भरायचो. वायरीवर वाळलेलं काही टाकायचं नसतं, एवढं तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. मी तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यात पंखा लावला की करपल्याचा वास यायला लागला, तेही सांगितलं.

"वास तुज्या डोस्क्यात हाय," सासरे म्हणाले.

नवऱ्याकडे बघितलं तर तो चप्पल शोधायला लागला. मी पंखा बंद केला आणि वर्तमानपत्रानं पोरीला वारा घालत बसले. हात दुखायचा, आणि हात दुखला की शिव्या सुचायच्या. तोंडातल्या तोंडात सगळ्या दिल्या.

मग सासरे माजी सैनिकांच्या मेळाव्याला साताऱ्याला गेले. एस.टी. फाट्यावरून हलली असेल नसेल, मी कुपवाडच्या जुन्या मालकांना फोन केला. त्यांच्याकडे रॉकवूलचे उरलेले रोल पडून होते. दगड वितळवून काढलेली लोकर ती, ऊन अडवते आणि पेट घेत नाही. टेम्पो दुपारी आला.

आधी मेन स्विच बंद केला. माळ्याचं दार मागच्या भिंतीत, बाहेरून शिडी लावून चढायचं. नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, नाकाला मास्क आणि डोळ्यांना त्याचा पांढऱ्या काचांचा गॉगल. तक्तपोशीच्या फळ्या पातळ, पाय तुळयांवरच द्यायचा, म्हणून तुळयांवर आडवी जाड फळी टाकली आणि तिच्यावरून सरकत पाचट बाहेर फेकत राहिले. पंख्याच्या वायरीच्या जोडापाशी पोचले तर तिथलं पाचट काळं. हातात घेतलं तर भुगा झाला. खाली नेमकं पोरीचं अंथरूण. इतका राग आला, की सासरे समोर असते तर तो भुगा त्यांच्या तोंडात कोंबला असता.

वायरमन बोलावला, वायर पाइपात घालून घेतली. मगच तुळयांच्या मधून रोल पसरले. दाबून नाही भरायचे, फुगलेले राहिले पाहिजेत. पत्र्याच्या कडेनं हवेला फट सोडली. अंग दोन दिवस खाजत होतं. पण खोली निवली. पोर दुपारी सलग झोपली आणि उठून दूध प्यायली. मी तिच्याशेजारी बसून ढसाढसा रडले.

सासरे परत आले. त्यांच्या खाटेपाशी मी जळक्या पाचटाचं घमेलं ठेवलं होतं.

"उंदरानं केलं आसंल," ते म्हणाले. मग आमच्या खोलीत गेले, मधोमध उभे राहिले, वर बघितलं. "बरी हाय की खोली. माजी खाट हितं आना. माज्या खोलीला कुलूप घाला, तुमी भायेरच्या सोप्यात पडा."

"आवं, पोरगीसाटनं केलंय ते," मी म्हणाले.

"लेकरू कुटंबी झोपतंय. म्हाताऱ्या मानसाला स्लॅबचा उकाडा सोसत न्हाई."

माझ्या नवऱ्यानं मुकाट्यानं खाटेचं एक टोक उचललं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवून सासरे त्या खोलीत आडवे झाले. सोप्यात पोर घामानं निथळत रडत होती. तिला नवऱ्याच्या हातात दिलं, शिडी लावली आणि माळ्यावर चढले. फळी ओढून बरोबर खाटेच्या वर घेतली आणि तिच्यावर टाचा आपटत चालले.

"कोन हाय रं वर?"

"मी हाय, आबा. रोल नीट बसल्यात का बगतीया."

"खाली उतर!"

"काम हाय. तुमी पडा की."

फळीच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, परत आले. खाली शिव्या सुरू झाल्या, मी फेऱ्या चालू ठेवल्या. शेवटी खाट फरशीवर घासत बाहेर निघाल्याचा आवाज आला. ती त्यांची त्यांनीच ओढत नेली. मग मी उतरले, पोरीचं अंथरूण पुन्हा तिच्या जागी घातलं.

ती आता चालायला लागलीय. मागच्या भिंतीची शिडी मी अजून हलवलेली नाही. वाटेत येते म्हणून सासरे रोज कुरकुरतात.