खिडकीतली ताई

भाची मामा म्हणायची, म्हणून सगळी इमारतच त्यांना मामा म्हणू लागली. मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत उभं राहून वर बघायचं, तर माथ्यावरच्या झरोक्याचा उजेड डोळ्यांत घुसायचा आणि दोर दिसेनासे व्हायचे. त्यामुळेच असेल, उजेड आणि अंधार दोन्ही एकाच फोटोत नीट पकडता येतात हे कळल्यावर त्यांना त्याचं खूळच लागलं. एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे, एक काळपट, एक बेताचा, एक भगभगीत, आणि कॉम्प्युटरवर तिन्ही एकात मिसळायचे. त्याला एचडीआर म्हणतात.

मामांचं लग्न झालं नव्हतं. थोरली बहीण विधवा झाली, तिची मुलगी सासरी गेली, तेव्हापासून दोघं भावंडं एकत्र राहत. ताईला कंपवात होता. ती खिडकीशी बसून खालची वर्दळ बघायची आणि संध्याकाळी भावाला तिखटमीठ लावून सांगायची. मामांना तोच फोटो हवा होता. आत ताईचा चेहरा, बाहेर उन्हातला रस्ता, दोन्ही स्वच्छ. साध्या फोटोत ताई दिसली की रस्ता पांढराफटक, रस्ता दिसला की ताई कोळसा.

"कोळसा तर कोळसा," ताई म्हणायची. "या वयात मला कोण बघायला येणार आहे?"

एचडीआरमध्ये रस्ता आला, पडद्याची वीणसुद्धा आली. ताईचा मात्र धूर झाला. तीन फोटोंत मान तीन जागी, हात तीन जागी.

"ताई, जरा हलू नकोस ना."

"मी कुठे हलतेय? अंग हलतंय. त्याला सांग."

दोघं हसायचे. एका रविवारी मात्र मामा वैतागले. "दोन सेकंद नाही का गं बसता येत?"

ताईने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि अंग आवळून त्यांवर बसून राहिली. मामांना ते बघवेना. त्यांनी जाऊन तिचे हात बाहेर काढले. "राहू दे. चहा टाकतो," म्हणाले.

थंडीत ताईला न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली.

भाची आली. तिला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मामांनी कॉम्प्युटर उघडला. एकामागून एक फोटो सरकत गेले. रस्ता लख्ख, पडदा लख्ख, मध्ये धूर.

"मामा, हे मिसळलेले. यांचे सुटे फोटो कुठायत? त्यात एखादा तरी चेहरा नीट असेल."

"असायचा," मामा म्हणाले. "अंधारा, पण नीट. जागा अडते म्हणून मिसळून झाले की पुसून टाकायचो."

भाचीने एका फोटोवर बोट ठेवलं. "हा दे. यात ती हसतेय बहुतेक."

तो 'बहुतेक' मामांच्या जिव्हारी लागला.

त्यांनी कॅमेरा विकला नाही आणि वापरलाही नाही. फोटो भाचीच्या बैठकीत लावलेला आहे. मामा तिच्याकडे जातात, जेवतात, तिच्या पोरांशी पत्ते खेळतात. बसतात मात्र त्या भिंतीकडे पाठ करून. भाचीच्या ते ध्यानात आलंय. मामा यायचे असले की ती त्यांची खुर्ची आधीच फिरवून ठेवते.