दोघी जावा आणि एक लॉगिन

कापड रंगवायच्या कारखान्यात तो वायरमन म्हणून लागला आणि केबली ओढता ओढता कॉम्प्युटरच्या खोलीत पोचला. सगळे सर्व्हर त्याच्या ताब्यात आले, तरी हाक 'वायरमन' अशीच राहिली. गुडघे गेले होते. एकदा बसला की उठवत नसे.

जुना सर्व्हर बदलायचा होता. वरच्या लॅबमध्ये दोघी जावा कामाला. आडनाव एक, आद्याक्षर एक, म्हणून लॉगिनही एकच. थोरलीचं सगळं स्मॉल अक्षरांत. मागून आलेल्या धाकटीचं पहिलं अक्षर कॅपिटल. जुना सर्व्हर त्यांना दोन वेगळ्या बायका समजायचा. नव्याला लहान-मोठं कळत नव्हतं, त्याच्या लेखी एकच. तसंच कॉपी केलं असतं तर एकीच्या फायलींवर दुसरीच्या चढल्या असत्या आणि इतक्या वर्षांची रंगांची मापं पुसली गेली असती.

"एकीचं नाव बदला, झालं," साहेब म्हणाले.

सांगायला काय जातं! तो जिने चढून वर गेला.

"मी का बदलू?" थोरली म्हणाली. "आधी मी आले. तरी मोठं अक्षर हिला. तेव्हा गप्प बसले, आता नाही बसायची."

जावांचा अबोला होता. धाकटी त्याच्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांगा, मी मागितलं नव्हतं. घरी मीच सोडायचं, इथंही मीच?"

"ताई, संध्याकाळी सर्व्हर बंद होतोय. काहीतरी एक ठरवा."

कोणी ठरवेना.

नाव बदलणं म्हणजे नुसतं नाव नसतं. फायलींची मालकी, मेल, दाराचं कार्ड, सगळीकडे हात फिरवावा लागतो. एक जागा सुटली की सकाळी बोंब. एकीला नमवलं असतं तर काम निम्मं झालं असतं. पण पुन्हा वर जाऊन हुज्जत घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्यानं दोघींचीही नावं बदलली. फायली उघडून मापं ताडून पाहिली, मगच कॉपी लावली. डबा तसाच राहिला.

सकाळी दोघी खाली आल्या.

"माझं नाव कुठंय?" थोरलीनं विचारलं.

"गेलं. दोघींचंही."

"आणि मापं?"

"जागच्या जागी आहेत. दोघींची."

थोरली जावेकडे वळली. "बघितलंस? तुझं राहिलं असतं तरी चाललं असतं. यानं दोघींनाही बुडवलं!"

"वायरमनच तो, जाऊबाई. तोडणार नाही तर काय!"

बडबडत दोघी जिना चढल्या. प्रिंटरची जोडणी राहिली होती. आधी थोरलीची, मग धाकटीची. तो कामाला लागला.