आंबिलीच्या मडक्यात स्पेनची बाटली

सोळाव्या वर्षी मला सगळं येत होतं. त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं कमी येऊ लागलं.

माझं सासर मंठाळच्या शिवेला, उतारावरच्या दगडाळ माळाचं. निजामाचं राज्य होतं आणि गावाशेजारून सडक चालली होती. तिच्यावरचा ओवरसियर गोव्याचा किरिस्ताव. दोन महिने आमच्या ओसरीवर उतरला होता. हिवतापानं पडला, तेव्हा माझ्या सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, त्याला जोंधळ्याच्या कण्या भरवून उभा केला. निघायच्या दिवशी तो एक बाटली घेऊन आला. आत्याबाई रानात होत्या, म्हणून ती माझ्या हातात दिली.

"बाय, सासूबाईंना दे. थंडीत गुडघे धरले की घोटभर घ्यायला सांग. स्पेनची आहे. महागाची नाही, पण डोंगरावरच्या म्हाताऱ्या वेलांच्या द्राक्षांची."

मी शहाणी. म्हटलं, "म्हातारे वेल कशाला ठेवायचे? उपटून नवे लावायचे की."

तो हसला. "नवा वेल घागरभर रस देतो, पाण्यासारखा. म्हातारा वाटीभर देतो, पण त्याची मुळं दगडात खोल गेलेली असतात. असल्याच माळात."

आमच्या माळात करडई धड येत नव्हती. मला वाटलं, ताप अजून पुरता उतरलेला नाही.

बाटली मी आत्याबाईंना दिली नाही. हिरव्या काचेची, लांब मानेची होती. रिकामी झाली की डोक्याचं तेल ठेवायला मला हवी होती. जोंधळ्याच्या कणगीत खुपसून ठेवली. मामंजी, म्हणजे सासरे, माळकरी. दारू हा शब्दसुद्धा घरात उच्चारत नसत. पण माझ्या लेखी दारू म्हणजे शिंदी: पांढरी, फेसाळ, लांबून वास मारणारी. ही लाल आणि द्राक्षांची. म्हणजे सरबतच की!

मग आली येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि रान भरतं. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा आणि भाकरीचा निवद दाखवायचा, आणि आल्यागेल्याला आंबील पाजायची. ताकात जोंधळ्याचं पीठ कालवून, लसूण-मिरची घालून मडक्यात दोन-तीन दिवस आंबवलेली. ज्या घरची आंबील चांगली, त्या घरच्या खोपीला गर्दी. आमच्या खोपीला असायची, कारण आत्याबाईंचं मडकं त्यांच्या सासूच्या हातचं होतं. त्या वर्षी हट्ट करून ते मी मागून घेतलं. थोरल्या जाऊबाई सहा वर्षं त्याची वाट बघत होत्या.

"बिघडली तर मडकं थोरलीला," आत्याबाई म्हणाल्या.

मडकं हातात आल्यावर मी पहिलं काम काय केलं? घासलं. आतून काळपट थर होता, आंबूस वास होता. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, कढत पाणी ओतलं आणि बोटानं वाजवलं तर घणघणेपर्यंत उजळलं. माहेरच्या स्वच्छतेचा केवढा तोरा! आंबिलीचं मडकं नुसतं विसळायचं असतं, राख लावायची नसते, आंबटपणा त्या थरातच मुरलेला असतो, हे दुबलगुंडी गावच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. मी दुबलगुंडीचीच.

थंडी मरणाची. येळवशीच्या आदल्या दुपारी झाकण काढून चाखलं, तर नुसतं पिठाचं पाणी. चोवीस तासांत आंबट कुठून आणायचं? चिंच घातली तर जाऊबाई वासानं ओळखतील. तेव्हा कणगीतली बाटली आठवली. बूच निघेना, म्हणून रवीच्या दांड्यानं आत ढकललं. थेंब चाखला. कच्च्या जांभळासारखा तुरट-आंबट. झालं! अर्धी बाटली ओतली आणि समाधानानं भज्जीच्या शेंगा सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी मडकं डोक्यावर घेऊन मीच रानात गेले. मिरवत. निवदाला पहिली वाटी भरली, पांडवांपुढं ठेवली, आणि आत्याबाई खाली वाकल्या.

"आंबील जांभळी कामून दिसायलीय गं?"

"तांबड्या जोंधळ्याचं पीठ हाय, आत्याबाई."

"चौथी शिकलेल्या हाताची आंबील," जाऊबाई म्हणाल्या. "रंग चढायचाच."

आत्याबाईंनी मडक्यावर नाक धरलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्यानं राहवलं नाही. ओवरसियर, बाटली, कणगी, राख, सगळं एका दमात ओकले. खोपीबाहेर मामंजी पाव्हण्यांना सतरंजी अंथरत होते.

"आता काय करायचं?" जाऊबाईंचा हात मडक्याच्या गळ्याशी पोचलासुद्धा होता.

"रानाला पाजायची," आत्याबाई म्हणाल्या. "रानानं कुठं माळ घातलीय? पाव्हण्यास्नी ताक द्या."

येळवशीला शिवारात आंबील शिंपडायची रीत आहेच. दरवर्षी तांब्याभर जाते, त्या वर्षी मडकं गेलं. "ओलगे ओलगे" अशी येळवशीची आरोळी देत माझा नवरा आणि दीर माळभर शिंपडत सुटले. मामंजी कौतुकानं म्हणाले, "औंदा सुनंचा हात लई सढळ हाय." मी खोपीमागं तोंड लपवून बसले. मडकं आता जाऊबाईंचं झालं म्हणून रडू येत होतं.

तिथं आत्याबाई आल्या. हातात पांडवांपुढची वाटी. अर्धी पिऊन झालेली.

"निवद हाय. टाकायचा नसतोय," त्या म्हणाल्या. आणखी एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून बघितली. "थोरलीला आंबलेलं मडकं द्यायचं बोलले होते. हे कोरं करून ठिवलंस. कोरं मडकं तिनं कामून घ्यावं? घासलंस तू, आंबवायचं बी तूच. रोज त्यात ताक ठेव. राख दिसली तर हात मोडीन."

जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत. मी वर्षभर ताक घातलं, विसळलं, पुन्हा घातलं. पुढच्या येळवशीला आंबील बरी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी चांगली. आज ते मडकं आतून काळंकुट्ट आहे आणि माझ्या सुनांनी राख घेऊन त्याच्या जवळ फिरकायचं नाही.

पण त्या दिवशी खोपीमागं, वाटी संपवून आत्याबाईंनी तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "बाटलीत किती उरलीय?"

"अर्धी."

"आण. मामंजीस्नी म्हणावं, गुडघ्याचं तेल हाय."

त्या थंडीत आत्याबाईंचे गुडघे रोज दुखले.