गच्चीवरच्या दोन रांगा

धाकटी बहीण सुट्टीत हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावला यायची, तेव्हा तिच्याकडून करून घ्यायच्या कामांची यादी मी आधीच तयार ठेवायचो. त्या उन्हाळ्यात तिनंच माझ्या हातात यादी दिली. एक सपाट फळी, चिकटपट्टी आणि दिवसभर सावली न येणारा गच्चीचा कोपरा. माझं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे पहिल्या दोन वस्तू लगेच मिळाल्या. कोपऱ्यासाठी आईचे पापड हलवावे लागले.

पुण्यात ती सौर विजेसाठी प्लास्टिकसारखे पदार्थ तयार करायची. काचेवर शाईसारखा थर द्यायचा, तोच ऊन पिऊन वीज देणार. अडचण अशी की तेच ऊन त्याला खातं. तिनं रेणूची एक फांदी बदलून नवा पदार्थ केला होता. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली तो टिकला, पण तिला आपल्याकडचा मे महिना हवा होता. इथं टिकला तर प्रयोगशाळेतले तिचे सर त्याच्यावर पुढचं काम करू देणार, नाहीतर तो रेणू बाद.

फळीवर जांभळा थर दिलेल्या काचांच्या दोन रांगा लागल्या. डावीकडे सगळे वापरतात तो पदार्थ, उजवीकडे तिचा. काही दिवसांत डावी रांग फिकी पडू लागली. ती खूश झाली.

एका दुपारी आम्ही वर गेलो, तर डाव्या रांगेवर ओलं पोतं.

"आई, हे कुणी झाकलं?"

"मी. लिंबाच्या रोपाला झाकत न्हाई का? विटून चाललं होतं बिचारं. तुझं चांगलं हाय, त्याला कशाला झाकू?"

"अगं, त्याला विटायलाच ठेवलंय!"

"मग काहून इतक्या लांबून आणलंस?"

मी हसलो. बहीण हसली नाही, पण चिडलीही नाही. एक रांग झाकली गेल्यावर आता तुलना उरली नव्हती. तिनं पेढ्याच्या डब्यातून राखून ठेवलेल्या काचा काढल्या आणि दोन्ही रांगा नव्यानं लावल्या. त्यापायी तिचं मावसबहिणीच्या लग्नाला जाणं बुडालं. मी दुकानात एवढी चिकाटी कुणाकडे पाहिली नव्हती, माझ्याकडेही नाही.

या खेपेला राखणीला आईच बसली. पोरं, कावळे, शेजारीण, कुणालाच तिनं फळीजवळ फिरकू दिलं नाही.

डाव्या रांगेचा रंग पुन्हा उडाला. उजवी जांभळीच राहिली, फक्त प्रत्येक काचेच्या कडेनं पांढुरकी रेघ आली. माझा चेहरा पडला. बहीण मात्र काच उन्हाकडे धरून कितीतरी वेळ पाहत होती.

हिंगोलीची जीप सुटायला आली, तेव्हा आईनं फळी त्याच पोत्यात गुंडाळून दिली. पोतं आता कोरडं होतं.

"पास झालं का न्हाई तुझं?"

"मधोमध पास, आई. उन्हाला रेणू पुरून उरला. कडेला मी नापास. काचांच्या कडा बंद करायला लावलेला डिंक कच्चा पडला, हवा आत शिरली."

"मग डिंक बदल."

"जाऊन तेच करणार हाय," ती म्हणाली आणि फळी मांडीवर घेऊन जीपमध्ये चढली.