तळहाताखालची पट्टी

माझी सहा वर्षांची ईरा संगणकावर गणितं सोडवते. गणित आलं की पडद्यावरची हिरवी पट्टी झरझर आखडू लागते. पट्टी संपली की वेळ संपली. आज पाहते तर बाईसाहेबांनी त्या पट्टीवर चक्क तळहात ठेवलेला.

"हे काय गं?"

"ती दिसली की मला काही सुचतच नाही." दुसऱ्या हाताच्या पेरांवर ती निवांत मोजत राहिली. उत्तर बरोबर आलं, पण पट्टी केव्हाच संपली होती.

दिवसभर माझ्याही डोळ्यांपुढे एक पट्टी आखडतच असते. ती झाकावी, हे मला कधी सुचलंच नाही. तरी तोंडातून निघालंच, "आटप लवकर!"

ईराने वळून पाहिलं आणि तोच तळहात माझ्या तोंडावर ठेवला.