कूलरची हिवाळी ड्युटी

सदर भागातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ राहतात. सकाळी फिरायला जाताना रोज दिसतात, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. जानेवारीत एकाएकी कडाक्याची थंडी पडली, तेव्हा ते अंगणातल्या मातीवर ठेवलेल्या लोखंडी कूलरवर बोटाने टकटक करत होते. मग त्याची गवताची एक ताटी हळूच काढून आत डोकावले.

"काका, काय करून राहिले?"

"रोपं हायेत आत. मिरची, वांगं, कारल्याचा वेल. थंडीनं पानं काळी पडून राहिली होती. मंग पंखा अन् टाकी काढली अन् कूलर त्याईच्यावर ठेवला. उन्हाळाभर यानं आमाले सांभाळलं, आता हिवाळ्याची ड्युटी देल्ली."

"पण टकटक काहून?"

"झोपलेल्याच्या तोंडावर एकदम ऊन टाकाव का?"

पुढे थंडी संपेपर्यंत ते रोज सकाळी असेच दार वाजवून ताट्या काढायचे आणि संध्याकाळी लावायचे.

एप्रिलमध्ये गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत कूलर घरघरू लागले. यांचा मात्र अंगणातच होता. कारल्याचा वेल त्याच्या सांगाड्यातून वर चढून पिवळ्या फुलांनी भरला होता. काका बनियनवर ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. आतून काकू ओरडल्या, "अहो, आता तरी तो कूलर घरात आणा न."

"कसा आणू वं? कारली लागून राहिली," काका म्हणाले, आणि घाम पुसत पुठ्ठ्याने वेलालाच वारा घालू लागले.